ह्युएचे नऊ कलश

व्हिएतनाम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर युद्धच उभे राहते. ह्युएच्या राजवाड्यात शिरताना मीही तेच शोधत होतो. ते सापडलेही. १९४७ आणि १९६८ च्या लढायांत उद्ध्वस्त झालेल्या कित्येक महालांची नुसती जोती उरली आहेत.

पण राजपूर्वजांच्या मंदिरापुढे मी थबकलो. तेथे काशाचे नऊ प्रचंड, तीन पायांचे कलश उभे आहेत. सम्राट मिन्ह मांग याने १८३५ ते १८३७ या काळात ते ओतवून घेतले. न्गुयेन घराण्याची सत्ता अढळ राहो, हा त्यामागचा हेतू. साहजिकच त्यांवर तोफा आहेत. डोंगर, नद्या, पक्षी आहेत. आणि त्यांच्याच पंक्तीला भात आहे, चक्क कांदाही आहे!

३० ऑगस्ट १९४५ रोजी बाओ दाई या शेवटच्या सम्राटाने याच राजवाड्याच्या न्गो मोन दरवाजावर राजपद सोडले. अढळ म्हणवणारी सत्ता गेली. कलशावरचा भात मात्र गावोगावच्या शेतांत आजही डोलतो आहे.

आपण इतिहास शिकतो तो राजांच्या सनावळ्यांतून. येथे एका राजानेच प्रजेचे ताट काशात कोरून ठेवले आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, एवढेच!