सीटची उंची

पन्नाशी उलटली की गुडघे बोलू लागतात, आणि त्यांच्या आधी शेजारीपाजारी बोलतात : "फादर, आता सायकल सोडा, स्कूटर घ्या." सल्ला आपुलकीचा असतो. परंतु सायकलवरून जाणाऱ्याला अंगणातून हाक मारून कोणीही थांबवू शकते. स्कूटरवाला हाक ऐकू येण्याआधीच पुढे गेलेला असतो. म्हणून सायकल सोडण्यापूर्वी तिची सीट तपासावी, असे माझे मत आहे.

दुखण्याची जागाच पुष्कळदा कारण सांगते. गुडघ्याच्या वाटीपाशी दुखत असेल तर सीट बहुधा फार खाली असते. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर फार वर. बसल्याबसल्या पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपण सीट खाली ठेवतो, आणि पायडलच्या प्रत्येक फेरीत गुडघा नको तितका दुमडतो. भिंतीला धरून सीटवर बसावे, टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्यावे. पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक उरतो. कंबर हेलकावू लागल्यास सीट किंचित उतरवावी. सीटचे नाक खाली झुकले असेल तर भार तळहातांवर येतो आणि बोटांना मुंग्या येतात.

थोडी थोडी करीत माझी सीट दोन बोटे वर गेली. थांबताना आता पुढे सरकून पाय टेकावा लागतो; झग्यात ते जरा अवघडच. चढावर गुडघा अजून कुरकुरतो, पण पलीकडच्या वाडीतील आजाऱ्यांच्या भेटी सायकलनेच होतात.