सारू नदीकाठचा मासा

होक्काइडो हे जपानच्या उत्तर टोकाचे बेट. मुलगा नोकरीनिमित्त साप्पोरो शहरात राहतो, म्हणून आम्हा पती-पत्नीला हा मुलूख पाहायला मिळाला. बुद्धाला मानणाऱ्या देशात चाललो म्हणून विहारे पाहण्याची ओढ होतीच. पण मनात घर करून राहिली ती सारू नदीकाठची निबुतानी ही ऐनू लोकांची वस्ती, आणि तिथे खाल्लेला कच्चा मासा.

ऐनू हे या बेटाचे मूळ रहिवासी. मुलाच्या ओळखीच्या एका ऐनू आजीबाईंनी आम्हाला जेवायला बोलावले होते. त्यांनी गोठवलेल्या सॅल्मन माशाचा तुकडा बाहेर काढला. सुरी जेमतेम चालेल इतकाच तो नरम होऊ दिला. मग कागदासारखे पातळ काप केले, ताटलीत मांडले आणि शेजारी सोयाबीनचा खारट रस ठेवला. बरोबर गरम भात. काप तोंडात टाकला की आधी बर्फासारखा कुरकुरतो, मग जिभेवर विरघळतो. या पदार्थाला रुइबे म्हणतात. ऐनू भाषेत त्याचा अर्थच ‘विरघळणारे अन्न’ असा आहे.

जपानी माणूस पूर्वापार कच्चा सॅल्मन खातो असे आपल्याला वाटते. तसे नाही. इथल्या सॅल्मनमध्ये जंत असतात, म्हणून लोक तो मीठ लावून, भाजून खात. आज सुशीवर दिसणारा कच्चा सॅल्मन 1980 च्या दशकानंतर नॉर्वेच्या मत्स्यपालनातून आला. ऐनूंनी मात्र फार आधीच थंडीचा उपयोग ओळखला होता. हिवाळ्यात मासा बाहेर गोठवायचा आणि तसाच कापून खायचा. माशाच्या आतपर्यंत उणे 20 अंशांची थंडी 24 तास टिकली तर हे जंत मरतात, असे आजचे शास्त्र सांगते. ज्यांना अडाणी ठरवले, त्यांच्या घरात हे शहाणपण होते!

जेवताना पत्नीने सहज विचारले, “मासा याच नदीचा का?” मुलाने प्रश्न समजावून सांगितला. आजी हसल्या आणि म्हणाल्या, “नाही. दुकानातून आणला. नदीतला धरला तर मी चोर ठरेन.”

आमचा घास हातातच राहिला.

सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. ऐनूंचे सारे जीवन त्यावर चाले. त्याच्या कातड्याचे जोडेसुद्धा ते करीत. 1868 नंतर जपान सरकारने हे बेट ताब्यात घेतले आणि नद्यांतली मासेमारी टप्प्याटप्प्याने बंद केली. 1899 च्या कायद्याने ऐनूंना जमिनीचे तुकडे देऊन शेतीला लावले आणि शाळेत जपानी भाषा शिकवली. निबुतानीचे शिगेरू कायानो लहान असताना त्यांच्या वडिलांना पोलिसांनी पकडून नेले. गुन्हा काय, तर पोरांसाठी सॅल्मन धरला! हेच कायानो 1994 साली जपानच्या संसदेत पोहोचलेले पहिले ऐनू ठरले.

निबुतानीच्या धरणासाठी जमिनी घेतल्या, तेव्हा ते न्यायालयात लढले. 1997 साली साप्पोरोच्या न्यायालयाने ऐनूंना मूळ रहिवासी मानले आणि जमिनी घेणे बेकायदा ठरवले. पण धरण बांधून झाले होते, ते तसेच राहिले. 2019 च्या कायद्यानेही ऐनूंना मूळ रहिवासी म्हटले. तरी नदीतला सॅल्मन धरायचा तर विधीपुरती परवानगी काढावी लागते. उराहोरो गावच्या ऐनूंनी हा आमचा हक्क आहे म्हणून दावा लावला. 18 एप्रिल 2024 रोजी साप्पोरो जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला.

परतताना मी नदीकडे पाहत होतो आणि डोळ्यांपुढे महाडचे चवदार तळे येत होते. ऐनूंचा इतिहास वेगळा, आपला वेगळा. पण 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, ते केवळ तहान लागली म्हणून नव्हे. आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत, हे सांगण्यासाठी. आजींनाही एका माशाची भूक नव्हती. बुद्धाला मानणाऱ्या देशातही माणसाला हक्कासाठी झगडावे लागते, हे या प्रवासात शिकलो.

भगिनींना एक सूचना. हा पदार्थ घरी करून पाहू नका. आपल्या फ्रीजमध्ये तेवढी थंडी खात्रीने मिळत नाही. बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण तो मासा वेगळा. आपला रावस, रोहू नीट शिजवूनच खावा. मुलांना जेवायला वाढाल तेव्हा सारू नदीची गोष्ट मात्र जरूर सांगा.

जयभीम!