विक्रीला न आलेली पेटी

कधीच विक्रीला न आलेल्या यंत्रांभोवती एक ठरावीक दंतकथा विणली जाते. यंत्र काळाच्या पुढचे, संशोधक दूरदृष्टीचे आणि मालकांच्या डोळ्यांवर झापडे. झेरॉक्सच्या ‘नोटटेकर’ची गोष्टही बहुधा अशीच रंगवली जाते. कॅलिफोर्नियात, पालो आल्टोच्या झेरॉक्स संशोधन केंद्रात 1978 च्या सुमारास अ‍ॅडेल गोल्डबर्ग, लॅरी टेस्लर, डग्लस फेअरबेर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उचलून नेता येणारा संगणक बांधला. लॅपटॉपच्या वंशावळीत त्याला आजोबांचा मान द्यायला हरकत नाही. शिलाई मशीनच्या पेटीसारखा आकार, झाकणाच्या आत कीबोर्ड, सात इंची पडदा, फ्लॉपी, माउस आणि इंटेलचा नवाकोरा 8086. असे जेमतेम दहा नमुने तयार झाले आणि प्रकल्प गुंडाळला गेला. पुढे 1981 मध्ये जवळपास त्याच घडणीचा ‘ऑस्बोर्न 1’ बाजारात आला आणि धडाक्यात खपला. दंतकथेला एवढे पुरते. माझ्या मते मात्र ती इथे दोनदा चुकते : नकाराला मूर्खपणा ठरवते आणि यंत्राला वाया गेलेले.

नकाराचे आधी बघू. नोटटेकरचे वजन सुमारे 22 किलो होते आणि विकायचा ठरवला असता तर किंमत 50,000 डॉलरच्या वर गेली असती, असा अंदाज होता. ऑस्बोर्नचे वजन त्याच्या निम्मे, किंमत 1,795 डॉलर. शिवाय सोबत पत्रे लिहायला वर्डस्टार आणि हिशेबाला सुपरकॅल्क. ज्याला टंकन आणि आकडेमोड करायची आहे त्याने दुसरे काय घ्यावे? कुणी म्हणेल, पहिल्या नमुन्याची किंमत कधीच अंतिम नसते, उत्पादन वाढले की ती उतरते. बरोबर आहे. पण नोटटेकर महाग होता तो पेटीमुळे नव्हे. चित्रे आणि खिडक्या दाखवणारी ‘स्मॉलटॉक’ ही आख्खी प्रणाली त्यात चालायला हवी होती, म्हणून. तेच काढून टाकले असते तर यंत्र नक्की स्वस्त झाले असते, पण मग उरला असता ऑस्बोर्नच. तो बनवायला झेरॉक्सची गरज नव्हती.

यंत्र वाया गेले का, हा प्रश्न जास्त रसाचा आहे. त्याआधी स्मॉलटॉक चालत असे ते ‘ऑल्टो’ या झेरॉक्सच्या स्वतःच्या मोठ्या संगणकावर, त्याच्या खास अंतर्गत रचनेचा आधार घेऊन. कुणालाही विकत मिळणाऱ्या मायक्रोप्रोसेसरवर ते आणायचे तर काटछाट अटळ होती. त्यातून स्मॉलटॉक-78 तयार झाले. 8086 साठी लिहिलेला गाभा केवळ सहा किलोबाइटच्या आसपास, बाकी जवळजवळ सारे स्मॉलटॉकमध्येच. म्हणजे एवढा छोटा गाभा नव्याने लिहिला की सगळी प्रणाली दुसऱ्या यंत्रावर नेता येते, हे सिद्ध झाले. पुढे स्मॉलटॉक-80 अ‍ॅपल, एचपी, टेक्ट्रॉनिक्स अशा कंपन्यांकडे गेले ते याच वाटेने. आयफोनची अ‍ॅप्स अनेक वर्षे ज्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत लिहिली गेली, तिचेही स्मॉलटॉकशी उघड नाते आहे. माणसेही निघाली. टेस्लर 1980 मध्ये अ‍ॅपलमध्ये गेले. शाळकरी वयात या केंद्रात आलेला आणि नोटटेकरवर राबलेला ब्रूस हॉर्न पुढे मॅकिंटॉशच्या ‘फाइंडर’चा एक कर्ता झाला. झेरॉक्सला दोष द्यायचाच तर यंत्र न विकल्याचा देऊ नये, अशी माणसे जाऊ दिल्याचा द्यावा.

हे सगळे नोटटेकरशिवायही घडले असते, असा आक्षेप येईल. कदाचित घडलेही असते. पण जागा ऐसपैस असताना कुणी आपणहून काटछाट करत नाही, आणि ऑल्टोवर ती सक्ती नव्हती. ती या पेटीने केली.

म्हणूनच दुर्मीळ नमुन्यांच्या संग्राहकांशी माझा थोडा वाद आहे. त्यांचा सगळा जीव खोक्यात असतो. खोके सुंदर असेल, पण तसे खोके ऑस्बोर्ननेही घडवलेच की. वेगळे होते ते आतले. नोटटेकरच्या स्मृतीची जपून ठेवलेली प्रत हाताशी होती, म्हणून 2014 मध्ये डॅन इंगल्स, बर्ट फ्रॉयडनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्मॉलटॉक-78 पुन्हा जिवंत करता आले, तेही साध्या ब्राउझरमध्ये. तेव्हा ज्यांच्या हाती असा एखादा जुना नमुना आहे, त्यांनी काचेचे कपाट नंतर करावे, आधी त्याच्या डिस्कच्या प्रती काढाव्यात.