शेजार राखताना

डिस्कवरील मोकळी जागा फायलींना वाटून देणारी प्रणाली लिहिण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला अखेरीस एकच प्रश्न छळत राहतो: जिची अंतिम लांबी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाही ठाऊक नाही, अशा फाइलीच्या शेजारी किती जागा राखावी? थोडी राखली तर परकी फाइल मध्ये येऊन बसते आणि पहिलीचे तुकडे विखुरतात. अधिक राखली तर जागा असूनही नसल्याची तक्रार येते. जुन्या युनिक्समध्ये ब्लॉक असे विखुरल्याने सेकंदाला १७५ किलोबाइटचा वेग काही आठवड्यांत ३० वर उतरे. बर्कलेच्या मॅक्युसिक व सहकाऱ्यांनी सिलिंडर-गट योजून आणि सुमारे दहावा हिस्सा रिकामा ठेवण्याची तजवीज करून ही अवनती रोखली, आणि त्याविषयीच्या त्यांच्या १९८४ च्या निबंधाइतके प्रांजळ लेखन आमच्या व्यवसायात मी थोडेच वाचले आहे.

पुढे एक्सएफएसने निवाडाच लांबणीवर टाकला: मजकूर मेमरीत साठू द्यावा, लांबीचा अदमास आल्यावरच ब्लॉक नेमून द्यावेत. तथापि प्रत्येक ओळ तत्क्षणी डिस्कवर पोचलीच पाहिजे असा हुकूम सोडणारी लॉग फाइल ही मुदतच देत नाही, आणि माझे सारे कौशल्य तिथेच अडते. अशा फाइलीच्या तुकड्यांची संख्या कधी ‘एक’ निघाली की मला होणारा आनंद निव्वळ अहंकाराचा आहे. वापरणाऱ्याला त्याची खबरही नसते, तरी तो मला सोडवत नाही.

हाताखाली नव्याने आलेल्या मुलीने यंदा विचारले, “सर, एसएसडीचा कंट्रोलर मजकूर आत हवा तिथे लिहितो, मग हा शेजार कोणासाठी?” सलग फाइलीची नोंद आखूड राहते आणि ती थोड्या मागण्यांत वाचून होते, असे मी म्हणालो; परंतु हेडची धाव वाचवण्यासाठी केलेले माझे निम्मे श्रम निराधार झाले, हेही खरे. सीमा जुळवण्याचे मात्र तसे नाही. ५१२ बाइटांचे ६३ सेक्टर सोडून पार्टिशन आरंभण्याच्या जुन्या वहिवाटीमुळे ४०९६ बाइटांच्या सेक्टरांवर प्रत्येक ब्लॉक एका लहान सेक्टराने अलीकडे सरके, आणि एका ब्लॉकाच्या लेखनासाठी डिस्कला दोन सेक्टर वाचून, बदलून पुन्हा लिहावे लागत. आता साधने आपण होऊन २०४८ व्या सेक्टरापासून आरंभ करतात, आणि त्यामागचे कारण नव्यांना कोणी सांगत नाही, याचा मला खेद होतो.

तिने राखीव प्रमाण आता मोकळ्या जागेशी बांधले आहे. डिस्क भरत आली की राखीव घटते. ही घट फार लवकर सुरू होते असे माझे म्हणणे. मी अजून फिरत्या तबकडीसाठीच लिहितो असे तिचे. दोन्ही बाजू मोजायच्या आहेत, त्याही वापरून जुन्या झालेल्या, बहुतांशी भरलेल्या डिस्कवर. कोऱ्या डिस्कवर चाचण्या घेऊन विजय जाहीर करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.