मोडीचा भाव

तुमच्या घरी माळ्यावर एखादी जुनी पेटी असेलच. कल्हई उडालेली देगची, आजोबांचा अडकित्ता, झाकण सैल झालेले पानदान अशा वस्तू तिच्यात पडून असतात. त्या कोणी वापरीत नाही आणि फेकवतही नाहीत. मग एके दिवशी गल्लीत मोडवाल्याची हाक ऐकू येते आणि पेटी खाली उतरते. मोड म्हणजे जुनी, मोडकी भांडी. ती धातूच्या वजनावर विकली जातात. त्यांच्यावरची नक्षी तराजूत येत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पेणला राहतो आणि हाच धंदा करतो. टेम्पो घेऊन तो पेणपासून रोह्यापर्यंतची गावे फिरतो. मुलगा हुशार. मोड घेता घेता त्याला जुन्या वस्तूंची पारख आली आणि मुंबईच्या चोर बाजारातल्या दुकानदारांशी ओळखही झाली. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तो मला भेटायला आला, तो एक प्रश्न घेऊनच.

रोह्याला कुंडलिकेच्या पुलापलीकडे अष्टमी आहे. तिथे एका वृद्ध बाईंना घराची कौले बदलायची होती, म्हणून त्या जुने सामान काढीत होत्या. त्यांनी एक काळे पडलेले पानदान पुढे केले आणि विचारले, "याचं काय येईल, बेटा?" त्याने अंगठ्याने जरा घासून पाहिले. काळ्या अंगावर चांदीची वेल चमकली. ते बिदरी काम होते. बिदरचे कारागीर जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणाचे भांडे ओततात, त्यात चांदीची तार ठोकून बसवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून भांड्याला काळा रंग आणतात. बरीच वर्षे हात लागला नाही की चांदीही काळवंडते आणि सगळे भांडे लोखंडासारखे दिसू लागते.

तो म्हणाला, "दीडशे रुपये देतो." बाई खूश झाल्या. आठवड्याने मुंबईत त्याला त्या पानदानाचे नऊ हजार मिळाले.

"सर, मी खोटं बोललो का?" त्याने मला विचारले. "मी भाव सांगितला, त्यांनी मान्य केला. ही पारख शिकायला मला सहा वर्षं लागली. तीनदा नकली माल घेऊन बुडालो, तेव्हा कोणी भरून दिलं नाही."

त्याचे म्हणणे पोकळ नव्हते. पारख हीसुद्धा मेहनतच आहे. जुन्या वस्तू शोधत हिंडणारी माणसे नसती, तर कितीतरी सुंदर वस्तू भट्टीत वितळून गेल्या असत्या. पुण्याच्या दिनकर केळकरांनी साधारण १९२० पासून लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे जमवले आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला होता. त्याच्या नावाचे ते संग्रहालय तुम्ही सहलीला गेलात तर अवश्य पाहा. पण केळकरांच्या वस्तू आज सर्वांना पाहता येतात. हे पानदान मात्र कोणाच्या दिवाणखान्यात गेले, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही.

कायद्याकडे पाहावे, तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परदेशी जाऊ नयेत याची काळजी घेतो. विकणाऱ्याच्या हातात किती पडले, हे तो विचारीत नाही. १८७२ चा करार कायदा म्हणतो की नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे. मात्र बोलणे हे कर्तव्य असेल, तर गप्प राहणेही फसवणूक ठरते. इथे बोलणे कर्तव्य होते का?

मी त्याला पेणच्याच गणपतींचे उदाहरण दिले. हमरापूरला किंवा जोह्याला मूर्ती घ्यायला गेलेला माणूस दहा कारखाने फिरतो, भाव काढतो, मग घेतो. तिथे घासाघीस झाली तरी कोणी कोणाला लुबाडीत नाही. अष्टमीच्या त्या बाईंच्या दारात एकच गिऱ्हाईक होते आणि त्यालाच त्यांनी "काय येईल?" असे विचारले. तो प्रश्न गिऱ्हाइकाला नव्हता, जाणकाराला होता.

दीनियातच्या तासाला तुम्ही ऐकले असेल. माल घेऊन येणाऱ्या काफिल्यांना शहराबाहेरच गाठून सौदा करण्यास हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांनी मनाई केली होती. बाहेर थांबलेल्या व्यापाऱ्याला बाजारभाव माहीत असतो, उंटवाल्याला नसतो. कूफ्याचे इमाम अबू हनीफा स्वतः कापडाचे व्यापारी होते. एक बाई त्यांच्याकडे रेशमी कापड शंभराला विकायला आली, असे सांगतात. ते म्हणाले, "याची किंमत जास्त आहे." ती शंभरशंभराने वाढवीत चारशेवर आली, तरी ते "जास्त आहे" असेच म्हणत राहिले. तिला ही थट्टाच वाटली. शेवटी त्यांनी दुसऱ्या माणसाकडून किंमत करवून घेतली आणि पाचशेला ते कापड विकत घेतले. आता यात इमामसाहेबांचा धंदा बुडाला, असे कोणी म्हणत नाही.

माझा विद्यार्थी बराच वेळ बोलला नाही. मग खर्च, फेऱ्या, मेहनत असा हिशोब त्याने कागदावर मांडला आणि पुढच्या जुम्म्याला चार हजार रुपये घेऊन तो अष्टमीला गेला. पुढचे मला त्यानेच सांगितले. बाईंनी नोटा मोजल्या, रुमालात बांधल्या आणि विचारले, "पानदान कुठं आहे?"

"विकलं, मुंबईत."

"ते माझ्या सासूबाईंचं होतं," त्या म्हणाल्या. "त्यात चांदी आहे, हे त्यांनी कधी सांगितलंच नाही. तू तेव्हा सांगितलं असतंस, तर कौलं मी पुढच्या वर्षी घातली असती."