दोनदा वर, दोनदा खाली

माणसानं कोणत्या वयात काय करावं, याचे आपल्याकडे कडक नियम आहेत. साठी उलटलेल्या गृहस्थानं सकाळी फिरायला जावं, दुपारी शब्दकोडं सोडवावं आणि संध्याकाळी पारावर बसून सरकारला नावं ठेवावीत. तो जर टीव्हीसमोर मांडी घालून बसला आणि हातात कंट्रोलर घेऊन दरोडेखोरांना गोळ्या घालू लागला, तर घरचे लोक डॉक्टरांची चौकशी सुरू करतात. आमच्या सौ.नं ही चौकशी १९९३ सालीच सुरू केली आहे. डॉक्टर अजून ठरलेला नाही, एवढंच.

त्या वर्षी दिवाळीत मी चिरंजीवांसाठी नागपूरहून टीव्हीचा गेम आणला. 'चिरंजीवांसाठी' हा शब्द मी आजही शपथेवर उच्चारू शकतो. दुकानदारानं कॅसेटवर छापलेला '९९९९ गेम' हा आकडा दाखवला. बँकेतला माणूस मी! घरी येऊन मोजायला बसलो, तर खरे गेम सात निघाले. बाकीचे तेच सात, नावं बदलून. आमच्या बँकेत असा हिशेब कुणी लिहिला असता, तर खातेनिहाय चौकशी लागली असती.

त्या सातांतला पहिला मारिओ. १९८५ सालचा हा मिशीवाला प्लंबर राजकन्येला सोडवायला निघतो. एकेक किल्ला सर करतो आणि आत गेल्यावर त्याला कळतं की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. असं सात वेळा होतं आणि आठव्या किल्ल्यात ती सापडते. पुष्कळांना हा गेम अवास्तव वाटतो. ज्यानं सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी कचेरीतली टेबलं पालथी घातली आहेत, त्याला वाटत नाही. उलट, आठव्या टेबलावर काम झालं, म्हणजे मारिओचा वशिला असावा असंच वाटतं.

त्यातून आमचं गाव चंद्रपूर. आमच्या औष्णिक केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे. महाराष्ट्राला उजेड आमचा, राख आमच्या वाळत घातलेल्या धोतरांवर. पण मी आठव्या किल्ल्याच्या दारात पोहोचलो की नेमके आमच्याच गल्लीतले दिवे जात. त्या गेममध्ये खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. दिवे आले की पुन्हा पहिल्या किल्ल्यापासून सुरुवात. स्थितप्रज्ञाची लक्षणं मी गीतेत वाचली होती, अंगी बाणवली ती मारिओमुळे.

दुसरा गेम काँट्रा. दोन उघडेबंब शिपाई जंगलातून गोळ्या झाडत धावत सुटतात. जीव तीन. पहिला जीव पहिल्या मिनिटाला जाई, दुसरा त्याला शोधायला गेल्यासारखा लगेच. मग ऑफिसातल्या शिपायाच्या मुलानं मला गुरुमंत्र दिला. गेम सुरू होण्याआधी दोनदा वर, दोनदा खाली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, उजवीकडे, मग बी, मग ए. एवढी बटणं दाबली की तीन जीवांचे तीस होतात. मी हा मंत्र इतका घोकला की झोपेतही अंगठा हलायचा. सौ.ला काही दिवस वाटलं, मी जप करायला लागलो. तिनं आनंदानं माहेरी कळवलंसुद्धा.

पुढं बँकेत संगणक आले. बँकेचं नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येतं. त्या संगणकात कुणा पुण्यवंतानं 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घालून ठेवला होता. १९८९ साली जॉर्डन मेक्नर नावाच्या तरुणानं तो केला. आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. त्यामुळे तो राजपुत्र माणसासारखा पळतो, माणसासारखा कठड्याला लोंबकळतो आणि माणसासारखाच खिळ्यांवर पडतो. मुदत साठ मिनिटं. आमची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. या तफावतीतून काउंटरवर जी गर्दी साचली, तिची मी आज जाहीर माफी मागतो.

पण या गेममध्ये एक गंमत आहे. मध्येच आरशातून राजपुत्राचीच सावली बाहेर पडते आणि शेवटी शेवटी तलवार घेऊन त्याच्यासमोर उभी राहते. तिच्यावर वार केला की आपलाच जीव कमी होतो. ती मेली, तर आपणही मेलो. मी सोळा वेळा मेलो. सतराव्या वेळी वैतागून तलवार म्यान केली, तर सावलीनंही केली. दोघं समोरासमोर चालत आलो आणि एक झालो. माझ्या लेखी अ‍ॅक्शन गेममधली ही सगळ्यात मोठी अ‍ॅक्शन. पण तिचा उपयोग पुढं कुठं होईल, असं त्या वेळी वाटलं नव्हतं.

नंतर घरी संगणक आला आणि त्यातून लारा क्रॉफ्टबाई आल्या. १९९८ सालच्या तिसऱ्या 'टोम्ब रेडर'ची सुरुवात आपल्या भारतातल्या जंगलात होते. बाई अर्ध्या चड्डीत, दोन्ही हातांत पिस्तुलं. वाघ दिसला की धाडधाड! आमच्याकडच्या माणसाला हे बघताना पहिल्यांदा डासांची आठवण येते आणि दुसऱ्यांदा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याची. बाई चंद्रपूर जिल्ह्यात असत्या, तर पहिल्या पाच मिनिटांत पंचनामा आणि उरलेला सगळा गेम तारखा.

चिरंजीव नोकरीसाठी पुण्याला गेले. तिथं त्यांनी नवं यंत्र घेतलं आणि "बाबा, जुना प्लेस्टेशन राहू द्या तुम्हाला" म्हणाले. लोकांना मुलाकडून जुना स्वेटर मिळतो, मला हे मिळालं. त्यावर 'फार क्राय ४' खेळलो. २०१४ सालचा, हिमालयातल्या एका काल्पनिक देशातला. त्यात हत्तीवर बसून शत्रूच्या तळावर चाल करून जाता येतं. २०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप खरोखरच गडचिरोलीत आला. त्यांनी धान खाल्लं, बांध तुडवले आणि गावंच्या गावं रात्र-रात्र जागी ठेवली. त्यांच्यावर बसून कुठं चाल करून जावं, असं कुणाच्या मनात आल्याचं ऐकिवात नाही. याच गेममध्ये जनावरांची कातडी सोलून मोठं पाकीट शिवता येतं. सौ. म्हणाली, "आधी आहे त्या पाकिटात काय आहे ते बघा."

'अनचार्टेड'मधला 'द लॉस्ट लेगसी' मात्र मला आवडला. २०१७चा. त्यातल्या बाई आपल्या पश्चिम घाटात जीप घालून होयसळांची देवळं धुंडाळतात. दगड फिरवला की भिंत सरकते, खांब ढकलला की तळघर उघडतं. हा गेम संपवला, त्याच महिन्यात महाशिवरात्रीला आम्ही चामोर्शीजवळ मार्कंड्याला गेलो. उत्तरेकडे वळलेली वैनगंगा, काठावर नक्षीदार देवळांचा समूह. मला राहवेना. एका कोपऱ्यातला दगड मी हळूच ढकलून पाहिला. भिंत सरकली नाही. पहारेकरी सरकला. बाहेर आलो तर चपला गेलेल्या. तळघर उघडलं असेल तर ते चपलांसाठी.

पबजी मी खेळलो नाही. शंभर जणांनी विमानातून उड्या टाकायच्या आणि नव्याण्णव मरेपर्यंत एकमेकांना टिपायचं. २०२० साली सरकारनं त्यावर बंदी घातली. माझी त्याच्या आधीपासून होती. नोकरीची चार वर्षं मी गडचिरोलीत काढली आहेत. जंगलात बंदूक वाजली की दुसऱ्या दिवशी कुणाच्या घरचं कोण गेलं, हे तिथं विचारावं लागायचं. त्या खेळात काही मन रमेना.

एवढं सगळं सांगितलं ते अशासाठी, की गेल्या मार्चअखेर मी सासुरवाडीला गेलो, तेव्हा माझ्या खात्यावर किमान दोनशे वाघ जमा होते.

सासुरवाडी मूल तालुक्यात, ताडोबाच्या बफरला लागून. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प म्हणजे गाभा आणि बफर मिळून सतराशे चौरस किलोमीटरच्या वर जंगल. त्यातला वाघ नकाशा वाचत नाही आणि गावातल्या माणसाला नकाशा परवडत नाही. मोहाचे दिवस होते. मोहफूल पहाटे गळतं आणि ते वेचायला बायका टोपल्या घेऊन जातात. माझ्या मावससासूबाई सत्तरीच्या आहेत. त्या मोहावर निघाल्या, तेव्हा मी म्हणालो, "मावशी, मीही येतो. जंगलाची मला सवय आहे."

सौ.नं कपाळावर हात मारला. मावशी एवढंच म्हणाल्या, "चला जी जवाईबापू. पन उजेड पडू द्या आधी."

आम्ही पाच-सहा जण होतो. बायका मोठमोठ्यानं बोलत चालल्या होत्या. मला वाटलं, या गप्पा आहेत. नंतर कळलं, ती दवंडी होती : आम्ही माणसं येतोय हो, बाजूला व्हा. मोहाखाली पिवळट फुलांचा सडा, हवेत तो गोड, जड वास. मी वाकून चार फुलं उचलली असतील-नसतील, तोच बोलणं थांबलं.

पायवाटेवर, चाळीस पावलांवर, वाघ बसला होता.

गेममध्ये वाघ येतो तो संगीत वाजवत येतो. हा आधीपासून तिथं होता. आमच्याकडे बघत होता. खरं सांगतो, माझ्या पायांतलं बळ गेलं, पण डावा अंगठा जागा होता. खिशात तो आपोआप चालू लागला. दोनदा वर, दोनदा खाली, डावीकडे, उजवीकडे...

मावशींनी माझं कोपर धरलं. हळू आवाजात म्हणाल्या, "उभे ऱ्हा. वाकू नोका. पळू नोका. पाठ दाखवू नोका." बायका एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे विळे होते, पण एकीनंही विळा उगारला नाही. एकेक पाऊल मागं, तोंड वाघाकडं. मला एकदम तो राजपुत्र आठवला. वाघही उठला. शेपटी एकदा हलवली आणि बांबूत शिरला. पानसुद्धा वाजलं नाही.

परत येताना माझ्या तोंडाला कोरड पडली होती. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मावशी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना जी. तीन सालं झाले, याच रानात माह्या धाकट्या दिराले नेलं."

मी थांबलो. त्या थांबल्या नाहीत.

"थो वाकला होता ना मोह वेचाले. वाकला का मानूस जनावरासारखा दिसते. वाघाले मानूस दिसलाच नाई."

"आणि तरी तुम्ही येता?"

"मोह का घरी येते?"

त्यानंतर गावापर्यंत कुणी बोललं नाही. मी तीस जीवांचा माणूस. माझ्यापुढं एका जीवाची बाई टोपली डोक्यावर घेऊन चालत होती, आणि तोच जीव घेऊन तिला दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच मोहाखाली जायचं होतं.

मे महिन्यात नातू सुट्टीला आला. बाहेर ४६ डिग्री, त्यामुळे सगळं घर कूलरसमोर. मावशीही डोळे तपासायला आमच्याकडे आल्या होत्या. मी नातवाला वाघाची गोष्ट सांगितली.

"मग तुम्ही काय केलंत, आजोबा?"

"काही नाही. उभा राहिलो. मागं सरकलो."

"मग जिंकलं कोण?"

"दोघंही घरी गेलो."

"यात अ‍ॅक्शन कुठाय?" असं म्हणून त्यानं 'फार क्राय' लावला. थोड्या वेळानं त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं कंट्रोलर मावशींच्या हातात दिला. "आजी, हे दाबलं की गोळी. वाघ येईल हं!"

वाघ आला. मावशींनी कंट्रोलर हळूच चटईवर ठेवला, पदर सावरला आणि पडद्याकडे तोंड करून ताठ बसल्या. "उभा ऱ्हाय बापा," त्या त्या पडद्यातल्या माणसाला म्हणाल्या, "वाकू नोको. पाठ दाखवू नोको."

वाघानं झेप घेतली आणि नायकाचा फडशा पाडला. नातू ओरडला, "आजी, मारायचं होतं ना!"

मावशी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जवाईबापू, तुमच्या या वाघाले काई रीत नाई जी."

तेहतीस वर्षं मी हे गेम खेळतो आहे. त्यांच्यावर याहून नेमका अभिप्राय मी ऐकलेला नाही. ज्यांच्या घरचा माणूस वाघानं नेला, त्यांनी तो दिला होता.

नातवानं मावशींच्या हातात पुन्हा कंट्रोलर दिला. त्यानं गेम पहिल्यापासून सुरू केला होता. मावशींनी विचारलं, "हा मेलेला मानूस पुन्हा कसा आला?"

नातू म्हणाला, "आजी, गेममध्ये येतो."

"बरं हाये," मावशी म्हणाल्या, आणि चष्म्याच्या नंबराचा कागद शोधू लागल्या.