टाकीचा घाव

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. परंतु दगडांच्या जगात एक प्रांत असाही आहे की, जेथे लोखंडाचा एक घाव दिसताच देवपण नाहीसे होते. तो प्रांत म्हणजे अश्मयुगीन हत्यारांची पारख.

नोकरीने ज्यांना पेरुंगुडीस आणून सोडले आहे, त्यांना हा विषय परका वाटू नये. येथून पश्चिमेस पल्लिकरणैची पाणथळ ओलांडली की पल्लावरम लागते. तेथे ३० मे १८६३ रोजी भूगर्भ खात्यातील रॉबर्ट ब्रूस फूट या अधिकाऱ्याला जांभ्याच्या खडीत एक हातकुऱ्हाड सापडली आणि भारतातील अश्मयुगाच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. हा गृहस्थही आपल्यासारखाच घरापासून दूर नेमणुकीवर आलेला! मौज अशी की, त्याच मे महिन्यात फ्रान्समध्ये विद्वान मंडळी अब्बव्हिलजवळच्या एका खाणीतील जबड्यावरून आणि कुऱ्हाडींवरून वाद घालीत होती. मानवी अस्थी शोधून देणाऱ्यास तेथे बक्षीस लावलेले होते आणि मजुरांनी ती गरज चोख भागवली होती! जॉन एव्हान्स यांनी त्या कुऱ्हाडी बनावट असल्याचे दाखवून दिले. खऱ्याचा शोध आणि खोट्याचा धंदा ही जुळी भावंडेच म्हणावयाची.

मग पारख करावी कशी? आकारावर भिस्त ठेवू नये. नकल करणारा तोच सर्वांत चांगला साधतो. आघाताच्या जागेखालचा फुगवटा आणि त्यापासून पसरणाऱ्या लहरीही नव्या दगडावर उमटतात, कारण दगड फुटण्याचा नियम लाखो वर्षांत बदललेला नाही. पाहावयाचा तो काळाचा हात. जांभ्यात दीर्घकाळ पडलेल्या क्वार्ट्झाइटवर तांबूस छटा चढते, कपच्यांच्या खुणांमधील कडा किंचित बोथटतात. ताजी खूण खडीसाखरेच्या खड्यासारखी चकाकते. लोखंडी हातोडीने काळसर ओरखडा राहतो. वरून चोपडलेली माती पाण्याने व मऊ ब्रशाने निघून जाते; मुरलेला रंग जात नाही. तथापि लवकर गाडले गेलेले अस्सल हत्यारही धारदार राहू शकते. म्हणून एका खुणेवर निवाडा देऊ नये. साऱ्या साक्षी जुळाव्या लागतात.

गेल्या वर्षी बदलीचे सामान बांधीत असलेले एक स्नेही नातवासाठी विकत घेतलेली अशीच एक कुऱ्हाड मला दाखवावयास घेऊन आले. भिंगाखाली साऱ्या खुणा सारख्याच ताज्या दिसल्या आणि एका कडेवर लोखंडाचा ओरखडाही होता. खरे बोलावे तर स्नेही दुखावणार. न बोलावे तर एक मूल खोट्यालाच पूर्वजांची ठेव मानून वाढणार. मी खरे तेच सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मग हिच्यावर काय लिहू?” मी म्हटले, “आपल्याला ठाऊक आहे तेवढेच.” त्यांनी चिठ्ठी चिकटवली : कोठे घेतली, केव्हा घेतली, आणि खाली ‘हल्लीची घडण’. तेव्हापासून तो दगड खोटा राहिला नाही.

नकल करणे हे पाप नव्हे. प्राचीन कारागिरी समजून घेण्यासाठी अभ्यासकही दगड घडवून पाहतात. लबाडी दगडात नसते, त्याच्याविषयीच्या सांगण्यात असते. आणि अस्सल दगडाचे मोलही त्याच्या हकिकतीतच असते. चेन्नईच्या वायव्येस अत्तिरमपाक्कम येथे शांती पप्पू व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. तेथील हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केले. हे वय कळू शकले, ते हत्यारे आपल्या थरात होती म्हणून. तेच दगड कोणी उचलून दिवाणखान्यात मांडले असते, तर त्यांना ही साक्ष देता आली नसती.

तेव्हा पाया खणताना असा दगड दिसलाच, तर तो खिशात घालू नये. जागा टिपून घ्यावी, छायाचित्र काढावे आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. फूटचा संग्रह आज एग्मोरच्या शासकीय संग्रहालयात आहे. तो मोलाचा ठरला, कारण कोणता दगड कोठला हे त्याने नोंदवून ठेवले. आपण सरकारी माणसे जन्मभर नोंदी करीत असतो आणि त्यांना कंटाळतोही. पण मुक्या दगडाला वाचा फुटते, ती अशा एखाद्या नोंदीनेच.